मदत हवी आहे: अमेरिकेतून आणलेली कारसीट पुण्यातल्या गाडीत उलटी घट्ट बसत नाही

घाईत_बाबा
परवा पहाटे पुण्याहून कोल्हापूरला निघायचंय, लग्न आहे. न्यू जर्सीहून येताना मुलीची कन्व्हर्टिबल (उलटी-सरळ दोन्ही बसणारी) कारसीट बरोबर आणली. तिकडे ती रिअर-फेसिंगच (उलटी, मुलीचं तोंड मागे) असते, बसवायला पाच मिनिटं लागतात. इथे बेल्ट कितीही ओढून लावला तरी हलतेच. सोसायटीला दोन चकरा मारल्या की बेल्ट पार ढिला. घरचे म्हणतात पाय दुमडले जातायत, सरळ करून टाक. मला उलटीच ठेवायची आहे. विमानात सीट बिघडली का? मॅन्युअल तिकडेच राहिलंय. लवकर सांगा प्लीज.

बेल्टवाली
गाडी कुठली आणि कोणत्या सालची? मुलीचं वय, वजन, उंची? सीट बेल्टने लावताय की हुकांनी? सीटवर बनवल्याची तारीख काय? आणि "हलते" म्हणजे नक्की कुठे धरून हलवताय? मॅन्युअलचं टेन्शन नको. सीटच्या लेबलवर मॉडेल नंबर असतो, त्यावरून कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळते.

मी_आजी
गाडी लागत असेल तर निघायच्या आधी तासभर दूध देऊ नका. कोरडा खाकरा द्या. आलेपाक ठेवा जवळ, पण मोठ्यांसाठी. खंबाटकीच्या आधी एकदा थांबा.

चहाबाज
आजी, सीट उलटी आहे, मुलीला उलटी नाही :)

घाईत_बाबा
सासऱ्यांची जुनी वॅगनआर, २०१४ची. मुलगी वीस महिन्यांची. बेल्टनेच लावतोय, हुक अडकवायला काही दिसलं नाही. वरचं टोक धरून हलवलं तर चांगली चार बोटं हलते. अजून काय?

बेल्टवाली
वजन आणि उंची राहिलीच. तारीखही.

वरचं टोक धरून कधीच बघू नका. उलटी सीट वरच्या बाजूने हलतेच, ती तशीच असते. बेल्ट जिथून सीटमध्ये शिरतो त्या जागी, म्हणजे मुलीच्या मांड्यांखालच्या भोकांपाशी, एका हाताने धरायचं आणि डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे हलवायचं. हात मिळवताना लावतो तेवढाच जोर. तिथे एक इंचापेक्षा कमी हलली तर बसली. आणि बेल्ट नेमक्या त्याच भोकांतून गेलाय ना? कन्व्हर्टिबलला दोन वाटा असतात, उलट्यासाठी वेगळी, सरळसाठी वेगळी. बऱ्याच सीटांवर उलटीची खूण निळी असते.

रोखठोक
एवढं काय त्यात? बेल्टला खांद्यापाशी एक गाठ मारा, विषय संपला.

चक्रधर
गाठ अजिबात नको. गाठीपाशी पट्टा चुरगळून दोरीसारखा होतो आणि सगळा भार एका जागी येतो. शिवाय धडकेत गाठ आवळली जाते आणि जेवढी आवळते तेवढी ढील मिळते. नंतर ती सुटतही नाही.

मूळ प्रश्नाबद्दल: तुमची सीट बिघडलेली नाही, बेल्टमधला फरक आहे. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून गाड्यांच्या मागच्या बेल्टला कारसीटसाठी लॉक होण्याची सोय द्यावी लागते. बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तो फक्त आत जातो, परत बाहेर येत नाही. तुम्ही तिकडे नकळत तेच वापरत होता. इथल्या बहुतेक बेल्टना ती सोय नसते, ते फक्त झटका बसला की अडतात. एरवी पट्टा मोकळाच. खड्डा आला, सीट दबली, कमरेचा पट्टा बकलच्या जिभेतून (बकलमध्ये खटकन बसणारं धातूचं टोक) सरकून खांद्याकडे गेला. दोन चकरांत ढिला होतो तो असा.

खात्री करा. बेल्ट सावकाश शेवटपर्यंत ओढा, मग आत जाऊ द्या. जाताना बारीक कटकट ऐकू आली आणि मधेच बाहेर ओढायला गेल्यावर अडला, तर लॉक आहे. गुपचूप आतबाहेर झाला तर नाही.

घाईत_बाबा
गुपचूप होतोय. मग आता?

स्टॉकहोमकर
म्हणूनच स्वीडिश पद्धतीची सीट घ्यायला हवी होती. इथे चार वर्षांपर्यंत मुलं उलटीच बसतात. सीटला खाली टेकू देणारा पाय असतो, शिवाय पुढच्या सीटच्या रुळांना बांधायचे दोन पट्टे, त्यामुळे वरचं टोकही हलत नाही. प्लस टेस्ट पास झालेली सीट बघा. त्यात मानेवर येणारा भार मोजतात आणि त्या निकषावर सरळ तोंडाच्या सीट टिकत नाहीत. मुळात ही कल्पनाच इथली. १९६०च्या दशकात बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांच्या आसनांवरून ती उचलली.

बेल्टवाली
सगळं खरं, पण त्यांना परवा निघायचंय. स्वीडनहून सीट कुरिअरने येईपर्यंत लग्नातल्या जोडप्याचं बारसं होईल.

बाबा, तुमचे मार्ग तीन. एक, सीटवरच बेल्ट चिमटून धरणारी कडी आहे का बघा, बेल्टच्या वाटेपाशी झाकण किंवा खटका. ती असेल तर लॉक नसलेला बेल्टही चालतो. दोन, लॉकिंग क्लिप. इंग्रजी एच अक्षरासारखी धातूची पट्टी असते. बेल्ट घट्ट ओढून लावायचा, गुडघ्याने सीट दाबून ठेवायची. बकलच्या जिभेपाशी कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पट्टे एकत्र चिमटीत धरायचे, न सरकू देता बकल सोडायचं. जिभेपासून एक इंचाच्या आत दोन्ही पट्टे आधी क्लिपच्या एका खाचेत, मग दुसऱ्या खाचेत घालायचे आणि परत बकल लावायचं. परत लावताना जोर लागतो. लागला नाही तर समजा पट्टा सरकलाय. त्या जागी मोठं माणूस बसणार असेल तर क्लिप आधी काढा. तीन, आयसोफिक्स (कारसीटचे हुक अडकवायचे दांडे) असलेली दुसरी गाडी घ्या.

घाईत_बाबा
सीटवर काही खटका नाही. क्लिपही नाही, सीट बहिणीच्या मुलाची होती. वजन २६ पाउंड, उंची ३३ इंच. लेबलवर २०१९ आणि आयुष्य १० वर्षं लिहिलंय. रिअर-फेसिंग ४० पाउंडांपर्यंत. अपघातात नव्हती.

चक्रधर
२६ पाउंड म्हणजे पावणेबारा किलो. मर्यादा ४०, म्हणजे ३५ टक्के जागा शिल्लक... म्हणजे सव्वासहा किलो वाढायला वाव. तिला बसवून डोक्याच्या वर कवचाची कड किती उरते ते मोजा. एक इंचापेक्षा जास्त उरली तर उंचीतही बसते. वय आणि पाय या दोन्हीचा त्यात संबंध नाही. विमानात सामानात टाकली होती का? मग पॅडिंग काढून फोमला तडा, प्लॅस्टिकच्या कोपऱ्यांवर पांढरट रेघा दिसतात का तेही बघा.

विज्ञानवादी
"उलटी सीट पाचपट सुरक्षित" हा आकडा अजून व्हॉट्सअॅपवर फिरतो. २००७च्या ज्या अभ्यासातून तो आला, त्यातल्या आकडेमोडीवर गंभीर आक्षेप निघाले, फेरगणनेत तो फरक टिकला नाही. उगाच देव्हारा माजवू नये.

बेल्टवाली
आकडा चुकला म्हणून शरीरशास्त्र बदलत नाही. या वयात डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, मानेचे मणके अजून कूर्चेने जोडलेले असतात. सरळ बसलेल्या मुलाचं धड पट्टे धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे जातं आणि ओढ मानेवर येते. उलट्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ एकत्र कवचात दाबली जातात. त्या फेरगणनेनंतर, २०१८ला, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने "दोन वर्षांपर्यंत" ही वयाची अटच काढली आणि सीटच्या कमाल वजन-उंचीपर्यंत उलटंच ठेवा म्हटलं. म्हणजे सल्ला सैल झाला नाही, लांबला.

दुमडलेल्या पायांचं: मुलं मांडी घालतात, पाय वर टेकवतात. पाय पुढच्या सीटवर आपटून मोडायचा धोका सरळ बसल्यावर जास्त.

विज्ञानवादी
मी उलटं बसवू नका म्हटलंच नाही. आकडा चुकीचा आहे एवढंच.

आरटीओवाला
कायदा सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ब, २०१९ची दुरुस्ती: १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड रिस्ट्रेंटशिवाय असेल तर १००० रुपये दंड. तसंच दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हार्नेस आणि हेल्मेट, वेग ताशी ४०च्या आत.

चहाबाज
लग्नाला वॅगनआरने जातायत, दुचाकीने नाही. अवांतर: साताऱ्यात कंदी पेढे घ्या, पण मुलीला सीटमध्ये देऊ नका.

आरटीओवाला
माहिती कुणाच्याही कामी येते. आणि अमेरिकन सीटवर एआयएस-०७२चं (कारसीटचं भारतीय मानक) लेबल नसतं, ते लक्षात असू द्या.

चक्रधर
मांडीवर घेऊन जाण्यापेक्षा ती बरी. मुद्द्यावर येऊ. बाबा, मागच्या बाकाच्या मधल्या जागेला बेल्ट आहे का? जुन्या गाड्यांत तिथे फक्त कमरेचा, हाताने आवळायचा पट्टा असायचा. तो गुंडाळीत जात नाही, शेपूट ओढलं की आवळला आणि तिथेच राहिला. उलट्या सीटला नुसता कमरेचा पट्टा चालतो, खांद्याचा लागतच नाही. तुमच्या सीटच्या पीडीएफमध्ये "लॅप बेल्ट" असं चित्र असेल, ते बघून घ्या.

घाईत_बाबा
मधे बेल्टच नाही.

बेल्टवाली
रेक्झिनचं सीटकव्हर आहे का वर? मग बेल्ट खाली दाबलेला असणार. कव्हर लावणारे बाजूच्या बकलांना भोक पाडतात आणि मधलं विसरतात. बाकाच्या आणि पाठीच्या सांध्यात हात घाला.

आणि कव्हर तसंही काढायलाच हवं. त्यातला फोम दबतो, रेक्झिन घसरतं. निम्मी ढील तिथूनच येते.

रोखठोक
कव्हर काढलं तर सासरे घरात घेतील का?

घाईत_बाबा
सापडला! कव्हरखाली दोन्ही टोकं, शिवाय एक पेन आणि शेंगदाणे. आवळलाय. पण सीट फार आडवी झाली, पुढच्या दोन्ही सीटना मधून टेकतेय. आणि आवळल्यावर जीभ तिरकी राहतेय, थोड्या वेळाने एक बोट ढिला झाला.

चक्रधर
जीभ तिरकी राहिली की पकड सुटते. बकल सोडा, जीभ एकदा उलटवून (१८० अंश) परत लावा, मग शेपूट ओढा. बहुधा धरेल. पीडीएफमध्ये त्याला मनाई नाही ना बघा.

आडवेपणाचं: सीटच्या बाजूला जमिनीला समांतर ठेवायची रेघ असते किंवा पाण्याचा बुडबुडा. आडवं ठेवणं हे मान न सावरणाऱ्या तान्ह्यासाठी. वीस महिन्यांची मुलगी सीट परवानगी देईल तेवढी उभी बसू शकते. सीटचा कोन बदलायचा खटका तळाशी असतो, सर्वात उभ्या आकड्यावर आणा. पुढे जागाही वाढेल. टेकणं चालतं, रेटणं नाही. मधला उंचवटा असेल तर तळाचा किती भाग अधांतरी राहतो तेही बघा, बऱ्याच कंपन्या ८० टक्के तरी टेकलेला मागतात.

बेल्टवाली
अजून एक. घरच्यांनी सरळ करून बघितली होती का? मग खांद्याचे पट्टे वर सरकवले असतील. उलटीत ते खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत, सरळमध्ये वरून. छातीची क्लिप काखेच्या पातळीला. खांद्यावर पट्टा चिमटीत उभा पकडता आला तर सैल आहे. पहाटेची थंडी म्हणून जाड स्वेटर घालून पट्टे लावू नका, धडकेत स्वेटर चपटा होतो आणि तेवढी ढील पडते. आधी पट्टे, मग वरून शाल.

घाईत_बाबा
पट्टे वरच्या खाचेत होते, मामंजींनी केले होते. खाली घेतले. जीभ उलटवली, बेल्ट धरला. तीन आकड्यांवरून एकावर आणली, पुढे चांगली वीत सुटली. आता बेल्टपाशी धरून हलवली तर अर्धा इंचही नाही. डोक्यावर तीन इंच आहेत. पीडीएफमध्ये लॅप बेल्टचं चित्र आहे, पान बहुतेक ३६.

स्टॉकहोमकर
तरी पुढच्या वेळी टेकूवाली बघा.

बेल्टवाली
उद्या अर्धा तास खडबडीत रस्त्यावर फिरवून परत हात लावून बघा. बेल्टचं उरलेलं शेपूट गुंडाळून रबरबँडने बांधा, मुलीच्या हाताला लागू देऊ नका. भाड्याने दुसरी गाडी घ्यायची वेळ आलीच तर आयसोफिक्सचे दोन दांडे तुमच्या हुकांना चालतात, दोन्हीकडे ६ मिलिमीटर जाडी आणि मधे २८ सेंटिमीटर. फक्त मूल आणि सीट मिळून ६५ पाउंडांच्या आत हवं. तुमचं असणारच.

मी_आजी
परतीचं पण सांगा. आणि ते शेंगदाणे टाकून द्या, घशात अडकतील.

घाईत_बाबा
टाकले. मामंजी कव्हर बघायला खाली येतायत, नंतर लिहितो.