पेनी पडली म्हणजे साक्षात्कार झाला का?

'द पेनी ड्रॉप्ड' (शब्दशः, 'पेनी हे नाणे खाली पडले') या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ काही जण 'साक्षात्कार झाला' असा देतात, तो मला मुळातच चुकीचा वाटतो. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाणे टाकून चालणारी यंत्रे रूढ झाली. टाकलेली पेनी कधी मध्येच अडके आणि ती खाली पडेपर्यंत यंत्र ढिम्म हलत नसे. वाक्प्रचाराचे मूळ सहसा तिथेच सांगितले जाते. (आपल्या रेल्वे फलाटांवरच्या वजनकाट्यांनाही नाणे अडकले की थाप मारावी लागे.) वाक्प्रचाराचा सगळा जीव त्या अडकण्यात आहे. विनोदावर सर्वांचे हसून झाल्यानंतर जो एकटाच हसतो, त्याला तो चपखल लागू पडतो, न्यूटनला नव्हे. म्हणून मराठीत 'ट्यूब पेटली' हेच योग्य.

प्रतिसाद १
असहमत. 'तिच्या बोटात अंगठी दिसली आणि पेनी पडली' असेही इंग्रजीत म्हणता येते. तिथे पाहणारा मंद नसतो, खूणच नुकती समोर आलेली असते. 'ट्यूबलाइट' मात्र आपल्याकडे माणसाला हिणवण्यासाठीच म्हणतात. 'डोक्यात प्रकाश पडला' पुरेसे आहे.

प्रतिसाद २
हिणवणे 'ट्यूबलाइट' म्हणण्यात आहे, 'ट्यूब पेटली' म्हणण्यात नाही. 'आत्ता कुठे माझी ट्यूब पेटली' असे आपण स्वतःबद्दलही हसत म्हणतो. चोक आणि स्टार्टरवाल्या जुन्या ट्यूबचे बटण दाबले की आधी तिची टोके लालसर होत, दोन-तीनदा फडफड होई आणि मग लख्ख उजेड पडे. अडकलेल्या पेनीला याहून जवळचे काय असणार? याच अर्थी जर्मन माणसाचा ग्रोशन पडतो, डच माणसाचे पाव गिल्डर पडते. त्यांनी आपापली नाणी घेतली, आपण स्टार्टर घेतला.

प्रतिसाद १
एलईडी ट्यूब बटण दाबताच लागते. उद्याच्या मुलांना हा उशीर कसा कळणार?

धागाकर्ता
पौंडाला २४० असणारी जुनी पेनी १९७१ साली चलनातून गेली, तरी वाक्प्रचार टिकलाच. अंगठीच्या उदाहरणापुढे मात्र माझे म्हणणे सैल पडते, हे मान्य; तिथे मी 'एकदम उलगडा झाला' असे लिहीन. 'उशिरा सुचलेले शहाणपण' मात्र कुठेच नको, कारण ते वेळ निघून गेल्यावर येते, आणि पेनी पडली की यंत्र चालू होते.