मदत हवी आहे: सहा वर्षांच्या लेकीला वेव्ह पूलमध्ये कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात आम्ही सहाजण गोराईच्या वॉटर किंगडमला जायचं ठरवतोय. बोरिवलीहून बोटीने जाऊ, बोटीसाठी पोरं आत्ताच हटून बसलीत.

काळजी आहे ती धाकटीची. गेल्या मे महिन्यात दुसऱ्या एका वॉटर पार्कमध्ये आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो. भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या आणि मागून कुणाची तरी मोठी ट्यूब येऊन तिच्यावर आदळली. माझ्या हातातून तिचा हात सुटला. दोन-तीन सेकंदच, पण पाण्याखाली तिची लाल टोपी दिसत होती आणि मला पाऊल टाकता येईना. लगेच उचललं, नाकातोंडात पाणी गेलं होतं, बाकी ठीक. तेव्हापासून ती डोक्यावरून पाणी घेताना रडते. तरी "लाटांत जायचंच" म्हणते!

यंदा तिला उथळ काठावरच, घोट्याएवढ्या पाण्यात बसवणार आहे. पण लाइफ जॅकेट तिच्या मापाचं तिथे मिळतं का, की घरूनच न्यावं? हातावरचे हवेचे फुगे मला भरवशाचे वाटत नाहीत, ते निसटतात. गर्दी कमी कधी असते, सकाळी गेट उघडताच की जेवणाच्या वेळी?

आणि सासूबाई पासष्टीच्या, गुडघे दुखतात. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा तसल्याच सिंथेटिक कापडाचे लागतात. त्यांना संकोच वाटणार नाही असा पूर्ण बाह्यांचा पोशाख कुणी घेतला असेल तर कुठून घेतला, नक्की सांगा.