‘समाजभान दाखवा, खप वाढवा’: हे कोणत्या गावात होते, बाप्पा?

काउंटरवाला (दारव्हा तालुका)

आमच्या व्यापारी ग्रुपवर कोणीतरी एका मार्केटिंगवाल्या साहेबांची पोस्ट ढकलली. सार असं: आता खेड्यातला ग्राहकही साबण नाही, ‘मूल्य’ विकत घेतो, जी कंपनी जाहिरातीत समाजाचं बोलेल तिचाच माल उठेल. खाली टाळ्याच टाळ्या. उत्तर लिहायला बसलो तर लांबलं, म्हणून इथं टाकतो.

साहेब, काउंटरवर येऊन उभे राहा. वेचणीवरून आलेली बाई दोन वड्या दोन हातांत धरते, तोलून बघते आणि जड लागेल ती पिशवीत टाकते. वेष्टनावर मुलगी शिकवा लिहिलंय की झाडं लावा, तिला काय करायचं? दहाची वडी दहालाच राहिली, आतला साबण मात्र वाळत चाललाय, हे तिला बरोबर कळतं.

टाटा टीचं ‘जागो रे’ घ्या. 2009 च्या लोकसभेआधी मतदार नोंदणी करा, मग लाच देऊ नका. जाहिरात मलाही आवडायची. पण ‘जागो रेवाली द्या’ म्हणत आजवर कोणी आलं नाही. पावकिलो द्या, खात्यावर मांडा, येवढंच. एजन्सीची गाडी चुकली की लोक दुसरा पुडा नेतात, एक शब्द न बोलता. खप चालतो भावावर, उधारीवर आणि गाडीवर.

मास्तरीण (आर्वी)

दादा, तुमचा काउंटर म्हणजे जग नव्हे. लाइफबॉयनं 2013 मध्ये ठेसगोरा नावाचं गाव निवडलं होतं. छिंदवाडा जिल्ह्यातलं, म्हणजे नागपूरला लागूनच. जेवणाआधी हात धुवायचं शिकवलं, मुलं पाच वर्षांपर्यंत जगावीत म्हणून. जुलाबाचं प्रमाण 36 टक्क्यांवरून 5 वर आलं असं कंपनी सांगते. आकडा तिचाच आहे, मी काही मोजायला गेले नव्हते. पण साधा विचार करा, दिवसातून एकदा साबण लावणारं घर चारदा लावायला लागलं तर वडी कोणाची झिजते? चहाच्या जाहिरातीनं मत द्यायला सांगितलं तर चहा वाढत नाही, हे मान्य. हात धुवायला सांगितलं तर साबण वाढतो.

आणि पॅडचं काय? ‘लोणच्याला हात लावा’ ही व्हिस्परची जाहिरात 2014 ची. तेव्हा माझ्या वर्गातल्या मुली पोटात दुखतं म्हणून घरी बसायच्या. आज त्याच वयाच्या मुली सरळ सांगतात. सगळं जाहिरातीनं झालं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही अजून पाकीट पेपरात गुंडाळून देता ना? मग ‘मूल्यानं काही फरक पडत नाही’ हे कोणत्या तोंडानं सांगता?

वणीचा, आता पुण्यात

ताई, भावनिक होऊ नका. ज्यानं ज्यानं शिकवायला घेतलं तो बुडाला. दाढीची पाती विकणाऱ्या गिलेटनं 2019 मध्ये जाहिरातीतून पुरुषांना सज्जनपणा शिकवला, त्याच वर्षी कंपनीला 8 अब्ज डॉलरचा फटका. बड लाइट बिअरनं 2023 मध्ये एका ट्रान्सजेंडर इन्फ्लुएन्सरला घेऊन प्रचार केला, मग काय झालं ते जगानं पाहिलं, अमेरिकेतला पहिला नंबर गेला. आपल्याकडं तनिष्कला 2020 मध्ये हिंदू सुनेच्या मुस्लिम सासरची डोहाळजेवणाची जाहिरात मागं घ्यावी लागली. लोकांना दागिना पाहिजे, प्रवचन नको.

हिशेबी

बड लाइटचं खरं आहे, ते घ्या तुमच्या खात्यात. बाकीचं अर्धवट आहे. ते 8 अब्ज कोणाच्या खिशातून गेले नाहीत. गिलेटची वहीतली किंमत उतरवली गेली. कारणं कंपनीनं सांगितली: डॉलरपुढं इतर देशांची चलनं पडली, दाढी करणारे कमी झाले, स्वस्तातले स्पर्धक आले. गावातल्या कुठल्याही न्हाव्याला विचारा, पोट्टे दाढ्या वाढवून हिंडतात ते काय त्या जाहिरातीच्या रागानं?

सर्फ एक्सेलची होळीची जाहिरात आठवते, हिंदू मुलगी मुस्लिम मुलाला रंगांतून वाचवून नमाजाला पोचवते ती? 2019. बहिष्कार घालायला निघालेल्यांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल ॲपला एक-एक तारा दिला. आणि सर्फ एक्सेलनं 2022 मध्ये एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. तनिष्कनं जाहिरात काढली हे खरं, पण त्याच दिवाळीच्या तिमाहीत तिच्या मालक कंपनीचा, टायटनचा दागिन्यांचा धंदा वाढला. तेव्हा बहिष्कारानं दरवेळी बुडतोच हेही नाही आणि संदेशानं तरतो हेही नाही.

वणीचा, आता पुण्यात

म्हणजे शेवटी मी म्हणतो तेच, जाहिरातीचा उपयोग शून्य.

हिशेबी

नाही. वाचा परत.

पऱ्हाटीवाला (घाटंजीकडचा)

तुमी साबण अन् सोनं घेऊन बसले. आमच्याकडं समाजाचं भान कोन दाखवते मालूम आहे का? औषधाच्या कंपन्या. फवाऱ्याचं औषध म्हून रायलो मी. मेळावा घेतात, बॅनर लावतात ‘शेतकऱ्याची सुरक्षा आमची जबाबदारी’, चष्मा-हातमोजे-मास्कची किट देतात, फोटो काढतात, गाडीत बसून जातात. अन् त्याच मंडपात नव्या औषधाची बुकिंग.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसच्या वर मानसं गेली. माह्या चुलतभावाले आम्ही रातच्याला भरती केलं. डोये उघडे पन दिसत काईच नवतं त्याले, हात नुसते थरथर. वाचला तो. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती त्या साली, पंप मारला का फवारा तोंडावर. ऑक्टोबरच्या उन्हात ते प्लास्टिकचं एप्रन घालून दाखवा कोनी एक तास, मंग जाहिरात करा.

कृषी केंद्र, पुसद

भाऊ, तुमच्या भावाचं वाईट वाटतं, पण दरवेळी आम्हालाच चोर ठरवायचं हे बंद करा. डब्यावर रंगीत खूण असते. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळी, निळी, हिरवी. कोण बघतो? तीन औषधं एका पंपात कोण कालवतो? वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारू नका हे मी रोज सांगतो. ‘मले नको शिकवू’ म्हणणारेही तुम्हीच.

पऱ्हाटीवाला (घाटंजीकडचा)

तीन औषधं कालवाले कोनं सांगतलं? दुकानदारानंच ना! ‘हे पन टाका, बोंडअळी जाते.’ माहितीपत्रकाचे अक्षर तर मुंगीयेवढे, अन् फवारनाऱ्या मजुराले वाचता येते का नाई हे कोनी पाहालं?

कृषी केंद्र, पुसद

मी नाही सांगितलं. सगळ्या दुकानदारांना एका माळेत ओवू नका. माझ्या दुकानात येऊन बघा आणि मग बोला.

काउंटरवाला (दारव्हा तालुका)

मंडळी, विषय साबणाचा होता.

मास्तरीण (आर्वी)

हाच विषय आहे, दादा! साबणवाली कंपनी हात धुवायला शिकवते तेव्हा तिचा आणि बाईचा फायदा एकाच बाजूला असतो. औषधवाली ‘जपून फवारा’ म्हणते तेव्हा खरोखर जपून फवारलं तर डबे कमी खपतील. म्हणून बॅनर मोठं आणि शिकवणं छोटं.

वणीचा, आता पुण्यात

वा, आता अर्थशास्त्रही शाळेतच.

मास्तरीण (आर्वी)

हो, आणि परीक्षाही असते. तुम्ही बसणार का?

कृषी केंद्र, पुसद

ताईंचं चुकतंय. माणूस दवाखान्यात गेला की त्या गावात ते औषध पुढचे हंगाम कोणी हातात धरत नाही. 2017 नंतर माझ्याकडं काही डबे धूळ खात पडले. सुरक्षा सांगण्यात कंपनीचाही फायदा आहेच.

हिशेबी

हे पटतं. म्हणजे धडा जाहिरातीनं नाही, दवाखान्यानं दिला. अभिनंदन.

काउंटरवाला (दारव्हा तालुका)

बरं, हात धुण्याचं मास्तरीणबाईंचं मी घेतो. कोरोनाच्या साली साबण आणि हँडवॉश खरंच उठला होता. पण तो भीतीनं उठला, गाण्यानं नाही. भीती सरली तसा हँडवॉश पुन्हा मागच्या फळीवर. पेपराचं म्हणाल तर मी गुंडाळत नाही, गिऱ्हाईकच मागते. सासू सोबत असली तर हमखास. 2018 मध्ये पॅडवरचा 12 टक्के जीएसटी गेला, भाव फारसा उतरला नाही, त्यावर कोणत्या कंपनीनं जाहिरात केली ते सांगा.

मास्तरीण (आर्वी)

गिऱ्हाईक मागते म्हणून पेपर देता, ठीक. एक महिना न मागता देऊ नका, मग बोलू.

पऱ्हाटीवाला (घाटंजीकडचा)

पुसदवाले भाऊ, किट चांगली वाटते तर मेळाव्याच्या फोटोपुरती कायले? दुकानात ठेवता का? औषध उधारीवर देता, तशी किट पन हंगामाच्या उधारीवर देनार का? पैसे कापूस इकल्यावर.

कृषी केंद्र, पुसद

मोजे आणि चष्मा देतो. एप्रन नाही, ते कोणी वापरत नाही, माल परत येतो.

पऱ्हाटीवाला (घाटंजीकडचा)

मंग दोन जोड्या मोजे बाजूले ठेवा. सोमवारी येतो. अन् ते पातळ पिवळे नका देऊ, पयल्याच दिवशी फाटतात.