'फॅक्सिमिली'ला मराठीत काय म्हणाल?

मृण्मयी : जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५०८ च्या 'जोडलेल्या हातां'बद्दलचा मजकूर मराठीत करतेय. निळ्या कागदावर कुंचल्याने काढलेलं मूळ चित्र व्हिएन्नात आल्बर्टिना संग्रहालयात आहे, पण उजेडाला जपतात म्हणून क्वचितच बाहेर येतं. लोक बघतात ती फॅक्सिमिलीच, म्हणजे मुळाबरहुकूम छापलेलं चित्र. मी 'नक्कल' लिहिलं, संपादकांनी 'प्रतिकृती' केलं. मला प्रतिकृती म्हटलं की थर्माकोलचा रायगड दिसतो!

जुनापुराणा : संपादक बरोबर. नक्कल म्हणजे लबाडी. 'प्रतिमुद्रा' घ्या.

सातबारा : लबाडी? काका, तलाठ्याच्या उताऱ्यावर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असायचं. त्यावर कोर्टात जमिनी सुटल्यात.

शाईवाला : प्रतिमुद्रा म्हणजे मला रबरी शिक्का वाटतो. जुन्या चांगल्या फॅक्सिमिली कोलोटाइपने काढत. काचेवर डायक्रोमेट घातलेलं जिलेटिन, त्यावर निगेटिव्ह. उजेड लागेल तिथे थर कडक होऊन शाई धरतो. बाकीचा पाणी पितो आणि शाई झिडकारतो. ऑफसेटचे ठिपके नाहीत, त्यामुळे भिंगाखालीही कुंचल्याची रेघ तुटत नाही. सरळ 'छापा' म्हणा की!

मृण्मयी : छापा म्हटलं की आयकरवाले येतात हो.

रानजाई : 'खाका' कसा वाटतो? खाक म्हणजे धूळ. रेषेवर भोकं पाडून कोळशाची पूड थापटायची, खाली चित्र उमटतं. इटालियन चित्रकार राफाएलकडेही हेच चालायचं. या पद्धतीच्या इटालियन नावातही, 'स्पोल्वेरो'त, धूळच आहे.

जुनापुराणा : फारसी आणून मराठी वाचवताय, धन्य आहे. आणि खाका हाताने, फॅक्सिमिली यंत्राने.

सातबारा : मग हे सांगा. हे हात चर्चच्या वेदीवरच्या ज्या चित्राच्या तयारीचे, त्याचा मधला भाग १७२९ मध्ये म्युनिकला जळाला. उरलीय ती योब्स्ट हारिख या चित्रकाराने त्यावरून रंगवलेली. तिला काय म्हणणार?

जुनापुराणा : 'प्रत'. हाताची ती प्रत.

शाईवाला : आणि पुस्तकाच्या हजार प्रती काढतो त्या काय हाताने?

वसईकर : आमच्या घरी हेच हात प्लास्टरचे, शिवाय मयताच्या कार्डावर छापलेले. आजीला दोन्ही 'फोटो'च. मळवलीच्या छापखान्यातली रविवर्म्याची लक्ष्मीही लोकांना फोटोच होती. पण मृण्मयीताई, 'जोडलेले हात' बदला. आमच्यात 'तुला हात जोडले' म्हणजे बाबा, आता पुरे.

रानजाई : शिवाय बोटं जेमतेम टेकलीत. 'जुळलेले'?

जुनापुराणा : हात जोडतात. जुळतात पत्रिका.