पायथनच्या झिपसारखं जावास्क्रिप्टमध्ये कसं करायचं?

प्रश्न (देवगड)
काकांच्या हापूसच्या पेट्यांचा हिशोब मी पायथनमध्ये करायचो. तीन लिस्ट, गिऱ्हाईकांची नावं, पेट्या आणि भाव, झिप केल्या की लूपमध्ये एकेकाचं सगळं एकत्र मिळायचं. आता काकांना मोबाइलवर बघायचंय म्हणून जावास्क्रिप्टमध्ये आणतोय पण तिथे ॲरेला (म्हणजे तिथल्या लिस्टला) झिपच नाही, म्हणून नावांवर मॅप लावून त्याच इंडेक्सने बाकीच्या दोन ॲरेतलं उचललं, तर शेवटच्या दोन गिऱ्हाइकांसमोर रकमेच्या जागी नॅन (NaN, म्हणजे 'हा आकडा नाही') येतंय. पायथनमध्ये हाच डेटा मुकाट चालत होता, मग इथे काय चुकतंय?

उत्तर (रत्नागिरी)
भावाची लिस्ट मोज, दोनने कमी असणार. ॲरेबाहेरचा इंडेक्स मागितला तर जावास्क्रिप्ट एरर देत नाही, अनडिफाइन्ड (म्हणजे तिथे काहीच नाही) देतं, त्याला पेट्यांनी गुणलं की नॅन. पायथनचं झिप सगळ्यात छोटी लिस्ट संपली की थांबतं. तसंच हवं तर तिन्ही लेंग्थ मॅथ डॉट मिनला दे, तेवढाच फॉर लूप फिरव आणि दर फेरीला तिन्हींतला आय नंबरचा घटक छोट्या ॲरेत घालून पुश कर. कितीही लिस्ट घ्यायच्या असतील तर फंक्शनच्या पॅरामीटरआधी तीन टिंबं दे.

प्रश्नकर्ता
मोजलं, नावं १४ नि भाव १२! म्हणजे ती दोन गिऱ्हाइकं आधी हिशोबातच येत नव्हती??

उत्तर (वेंगुर्ला)
नव्हती रे बाबा. म्हणून पैशाच्या कामात मिन नकोच, लेंग्थ वेगळ्या दिसल्या की सरळ एरर थ्रो कर. पायथनमध्येपण ३.१० पासून झिपला स्ट्रिक्ट ट्रू देता येतं, मग लेंग्थ वेगळ्या असल्या की व्हॅल्यूएरर येतो. लोडॅश या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं झिप घेशील तर ते सगळ्यात लांब लिस्टपर्यंत जातं नि रिकाम्या जागी अनडिफाइन्ड भरतं, म्हणजे परत नॅनच.

उत्तर (मालवण)
लेंग्थ जुळली म्हणून निर्धास्त राहू नको हां. मी मच्छीचा हिशोब करताना माशांची नावं सॉर्ट केली, भाव होते तसेच राहिले, दोन्ही लिस्ट सारख्याच लांब त्यामुळे एरर कसला येतोय, आणि बांगड्याला सुरमईचा भाव लागला. तेव्हापासून झिप एकदाच, डेटा आत येतो तिथेच, आणि पुढे नाव-पेट्या-भाव एका ऑब्जेक्टमध्ये, मग पाहिजे तसं सॉर्ट कर.

प्रश्नकर्ता
थ्रो टाकला. त्या दोघांचे भाव काकांच्या वहीत मिळाले, मागच्या पानावर लिहिलेले. आता ऑब्जेक्टचं करायला घेतो.