फक्त बागेच्या मालासाठी पिकअप घेतोय: पासिंग, टॅक्स, परमिट काय काय लागेल?

कलमबाग_देवगड

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, थोडी काजू. २०१७ चा एक पिकअप बघितलाय. आरसीवर एकूण वजन ३,४९० किलो, रिकामी गाडी १,७९० किलो. भाड्याला लावायची नाही. घरच्या पेट्या, शेणखत, चिरे, काजूबी एवढंच.

गाडी घरचीच वापरायची तर पांढऱ्या पाटीवर (खाजगी नंबरप्लेटवर) घेता येते का? नसेल तर पासिंग (फिटनेस तपासणी) किती वर्षांनी आणि टॅक्स कसा? पावसात चार महिने गाडी उभीच राहणार, तेवढ्याचा टॅक्स वाचतो का? मुलाकडे साधं कारचं लायसन्स आहे, चालेल का? आणि आंबे काढायला गडी मागे हौद्यात बसवून नेले तर काय?

आरसी_आणि_पिवळी_पाटी

पांढरी पाटी मिळणार नाही. तुम्ही गाडी कशासाठी वापरता यावर हे ठरत नाही, गाडी कशासाठी बनवली यावर ठरतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(१४): फक्त माल नेण्यासाठी बांधलेलं वाहन म्हणजे मालवाहू वाहन. कलम २(४७): मालवाहू वाहन म्हणजे ट्रान्सपोर्ट वाहन. यात भाड्याचा उल्लेखच नाही. १९३९ च्या जुन्या कायद्यात 'पब्लिक कॅरियर' (भाड्याने दुसऱ्याचा माल) आणि 'प्रायव्हेट कॅरियर' (स्वतःचा माल) असे दोन वेगळे परमिट असायचे. गावातली जुनी माणसं अजून तेच धरून सल्ला देतात, पण १९८८ च्या कायद्याने तो भेद काढून टाकला.

काही डबल केबिन गाड्या पांढऱ्या पाटीवर दिसतात, उदाहरणार्थ इसुझूची व्ही-क्रॉस. कंपनीने त्या मॉडेलची मंजुरीच खाजगी वाहन म्हणून घेतलेली असते. बोलेरो कॅम्परलाही मागे सीट आहे, तरी ती पिवळ्या पाटीवरच येते. तेव्हा 'डबल केबिन म्हणजे खाजगी' हे गणित धरू नका.

परमिट: एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर कलम ६६(३) प्रमाणे परमिट लागत नाही. टाटा एससारख्या छोट्या गाड्या त्यात बसतात. तुमची ३,४९० ची आहे, म्हणजे परमिट लागणार, घरचा माल असला तरी. परमिट गाडीबरोबर आपोआप तुमच्या नावावर येत नाही, हस्तांतराचा अर्ज वेगळा करावा लागतो. विनापरमिट सापडलात तर कलम १९२अ खाली दंड १०,००० रुपये आणि गाडी अटकावून ठेवण्याचा अधिकार आरटीओच्या वायुवेग पथकाला आहे.

पासिंग: नव्या मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षं. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. २०१७ ची गाडी दरवर्षीच्या वर्गात गेली. आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागू होतो, तो भरलाय का ते विचारा. कलम ५६ नीट वाचा: फिटनेस नसलेलं ट्रान्सपोर्ट वाहन कायद्याच्या नजरेत नोंदणीकृतच नसतं. म्हणून चलन 'पासिंग नाही' असं नसून विनानोंदणी वाहन चालवल्याचं लागतं, पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये.

लायसन्स: चालेल. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतचं ट्रान्सपोर्ट वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो.

विमा_सल्ला_कुडाळ

वरचं सगळं बरोबर आहे. पण 'घरच्या मालासाठी' असल्याचा खरा फायदा आरटीओत नाही, विम्यात आहे, आणि तो बहुतेक लोक घेतच नाहीत.

मालवाहू गाड्यांच्या थर्ड पार्टी विम्याच्या (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या) दरात 'पब्लिक कॅरियर' आणि 'प्रायव्हेट कॅरियर' हे दोन वर्ग अजून आहेत. २०२२ च्या दरपत्रकात ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला पब्लिकचा दर १६,०४९ रुपये, प्रायव्हेटचा ८,५१०. जवळजवळ अर्धा. एजंट सवयीने पब्लिकच लावून देतात. पॉलिसी घेताना 'स्वतःच्या मालासाठी' असं सांगा आणि पॉलिसीतली 'वापराची मर्यादा' ही ओळ स्वतः वाचा. मात्र पुढे शेजाऱ्याच्या पेट्या पैसे घेऊन वाशीला नेल्यात आणि अपघात झाला, तर अटीचा भंग झाला. सीझनमध्ये तसं करण्याची थोडी जरी शक्यता असेल तर पब्लिकचाच विमा घ्या, तिथे साडेसात हजार वाचवू नका.

गडी मागे बसवण्याबद्दल: कृपा करून नका बसवू. कलम १४७ मध्ये मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी धरलाय. मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितलंय. घाटात गाडी कलंडली आणि मागे सहा माणसं असली, तर सहाही कुटुंबांची भरपाई मालकाच्या घरादारावर येते. गड्यांसाठी रिक्षा किंवा जीप करा. जे गडी केबिनमध्ये सीटच्या मर्यादेत बसतील, त्यांच्यासाठी कामगार म्हणून जादा हप्ता भरून संरक्षण घ्या.

परमिटचंही तसंच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरमिट वाहन हा मूलभूत भंग मानला. कंपनी आधी भरपाई देते आणि मग मालकाकडून वसूल करते.

चेसिसखाली_एमएच०८

गाडी आधी बंदरावर मासळीसाठी चालायची का, ते पहिलं बघा. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटीतून थेट मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि ब्रेकच्या पाइपवर गळतं. वरून रंग मारलेला असतो, खाली चेसिसचे पापुद्रे सुटतात. छोट्या हातोडीने मागच्या एक्सलच्या वरचा भाग वाजवा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे पत्रा कुजलाय. चेसिसला नुसता पॅच मारलेली गाडी घेऊ नका.

पासिंगला गाड्या परत येतात त्या बहुतेक ब्रेकवर. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ब्रेक चाचणी २५० मीटरच्या ट्रॅकवर घेतात, नुसतं अंगणात पुढेमागे करून भागत नाही. आपल्याकडे सापडणारे दोष असे:

गाडी एका बाजूला ओढते. पुढच्या कॅलिपरच्या पिना खाऱ्या हवेने जाम होतात. पिना काढून साफ करा, ग्रीस सिलिकॉनचंच लावा, साधं लावलं तर रबर फुगतं. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर गळत असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला, लायनरसकट. मागच्या एक्सलजवळ वजनाप्रमाणे ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी गंजते किंवा कोणीतरी तारेने बांधून ठेवलेली असते. मग रिकाम्या गाडीत मागची चाकं लॉक होतात, नाहीतर भरलेल्या गाडीत मागचा ब्रेकच लागत नाही. करूळ किंवा फोंडा घाटात माल भरून जायचं असेल तर हे पासिंगपेक्षा मोठं काम आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, आपल्या हवेत दोन वर्षांवर ठेवू नये. पावसात हँडब्रेक ओढून गाडी उभी ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतो आणि केबल जाम होते. गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा.

बाकीचं भराभर: टायरची नक्षी किमान १.६ मिमी. रिफ्लेक्टर पट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे तांबडी, आणि ती मान्यताप्राप्त विक्रेत्याकडूनच घ्या, प्रमाणपत्र लागतं. स्पीड गव्हर्नर (वेगमर्यादक) ताशी ८० किमीला बांधलेला, सील शाबूत. पुढचं लोखंडी बंपर गार्ड, प्रेशर हॉर्न, जादा एलईडी काढून टाका. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर घासून घ्या. एचएसआरपी पाटी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट), पीयूसी, विमा, टॅक्स यातलं एक जरी अडलं तरी फाइल पुढे सरकत नाही.

चेसिस नंबरवर गंज असेल तर ग्राइंडर अजिबात लावू नका. डिझेल आणि मऊ वायर ब्रशने साफ करा, वर ग्रीस लावून ठेवा. एक आकडा जरी पुसट झाला तर पासिंग बाजूला राहतं आणि नंबर पुन्हा कोरून घेण्याची परवानगी काढत बसावं लागतं.

कलमबाग_देवगड

फार उपयोगी माहिती मिळाली, मनापासून आभार. प्रायव्हेट कॅरियरचा विमा असतो हे कुणीच सांगितलं नव्हतं. पावसातल्या टॅक्सचं राहिलं. आणि एका फेरीला पेट्या किती भरता येतील?

आरसी_आणि_पिवळी_पाटी

टॅक्स: मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आणला. त्याआधी वजनाप्रमाणे ठरावीक रक्कम होती. तुमच्या गाडीचा टॅक्स कुठल्या तारखेपर्यंत भरलाय ते वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. एकरकमी भरलेला असेल तर पावसाच्या सुटीचा प्रश्नच उरत नाही. वर्षाचा असेल तर 'नॉन-यूज'चा (गाडी वापरात नसल्याचा) अर्ज करता येतो, पण गाडी उभी करायच्या आधी, ती कुठे ठेवणार तो पत्ता देऊन. ऑगस्टमध्ये जाऊन 'जूनपासून उभी होती' म्हटलं तर कोणी ऐकत नाही. आणि त्या काळात गाडी रस्त्यावर दिसली तर सवलत जाते.

नॉन-यूज टॅक्सपुरता असतो, पासिंगची तारीख त्याने थांबत नाही. मुदत संपल्यावर दर दिवसाला ५० रुपये जादा शुल्काची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. १२० दिवसांचे ६,००० होतात. या शुल्काला राज्यात रिक्षा-टॅक्सी संघटनांनी बराच विरोध केला, त्यामुळे पोर्टल जी रक्कम दाखवेल ती धरून चाला. पासिंगची तारीख एप्रिल-मेमध्ये येत असेल तर जानेवारीतच स्लॉट घ्या. ऐन हंगामात गाडी एक दिवस ओरोसला आरटीओत अडकली तरी पेट्या पिकत बसतात.

पेट्या: ३,४९० वजा १,७९० म्हणजे १,७०० किलो. चालक आणि सोबतचा माणूस यांचे १५० वजा करा, वर जाळी बसवली असेल तर तिचंही वजन. समजा १,४५० उरले. भरलेली पेटी काट्यावर मोजा. २० किलो भरली तर ७२ पेट्या. ओव्हरलोडला कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. मेच्या उन्हात रस्त्याकडेला उतरवलेल्या हापूसचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

विमा_सल्ला_कुडाळ

व्यवहाराबद्दल एकच. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडीवर कर्ज असेल तर कर्जाची नोंद काढण्यासाठी बँकेचा फॉर्म ३५ पण हवा. जुना विमा थर्ड पार्टीपुरता तुमच्याकडे आपोआप येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा येत नाही. तो १४ दिवसांत नावावर करून घ्या, आणि त्याच वेळी वर्ग पब्लिकवरून प्रायव्हेटला बदलायला सांगा.