तरुण संघाने परदेशात जाऊन चर्च बांधावं की पैसे पाठवावेत?

खजिनदार:
आमच्या मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांपैकी, 14 तरुण येत्या सुट्टीत दहा दिवसांसाठी मध्य अमेरिकेतल्या होंडुरासला जायचं म्हणताहेत. तिथल्या एका छोट्या मंडळीसाठी चर्च बांधायचं आहे. जमाखर्च माझ्याकडे असल्यामुळे मला झोप लागत नाही. जमलेल्या रकमेचा मोठा वाटा विमानाच्या तिकिटांना जातो. सिमेंट, सळया आणि पत्र्यांसाठी उरतं ते थोडंच.

1998 मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केलं, तेव्हा उत्तर अमेरिकेतले असे अनेक गट तिथे घरं बांधायला गेले होते. तिथेच राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी पुढे त्याचा अभ्यास केला. प्रवासखर्च धरून गटांचं एक घर सुमारे 30,000 डॉलरला पडलं. स्थानिक ख्रिस्ती संस्था घर बांधत होत्या सुमारे 2,000 डॉलरमध्ये. हे वाचल्यावर माझं मत पक्कं झालं: मुलांनी घरी राहावं, पैसे तिथल्या मंडळीच्या हाती द्यावेत, त्यांनी आपले गवंडी लावावेत.

एक आई:
दादा, हिशोब बरोबर आहे, पण पैसा येतो कुठून ते बघा. मुलं जाणार म्हणून मावशी देते, शेजारी देतात. मुलं घरी राहिली तर ही रक्कम जमणारच नाही, मग पाठवणार काय? आणि सतराव्या वर्षी जे डोळ्यांनी पाहिलं ते जन्मभर विसरत नाही. अशी मुलं पुढे आयुष्यभर देत राहतात.

खजिनदार:
ताई, मलाही तसंच वाटायचं. व्हर बीक यांनी नेमकं हेच तपासलं. आपलं दान वाढलं असं जाऊन आलेले सांगत होते. दानाच्या नोंदी पाहिल्या तर फारशी वाढ नव्हती.

जाऊन आलेला:
मी अशा एका फेरीत होतो. गवंड्याने दोन टोकांना खिळे ठोकून दोरी ताणली आणि थर लावायला सांगितलं. ब्लॉक दोरीला टेकवायचा नसतो, केसाएवढी फट ठेवायची असते, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही टेकवत गेलो, दोरी ढकलली गेली आणि तिसऱ्या थरापर्यंत भिंतीला पोट आलं. माल ओला होता तोवर त्याने थापीच्या दांड्याने एकेक ब्लॉक ठोकून मागे घेतला. अर्धा दिवस त्यात गेला. तो एक शब्द बोलला नाही, पण त्या अर्ध्या दिवसात त्याने एकट्याने आमच्या दुप्पट काम केलं असतं.

तरीही मी जाऊ नका म्हणणार नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याच गवंड्याने माझ्या आजारी वडिलांचं नाव घेतलं. दुपारी मी ते मोडक्यातोडक्या भाषेत त्याला सांगितलं होतं. कुणीतरी दुरून येऊन आपल्याबरोबर घाम गाळतं, याचं मोल हिशोबाच्या वहीत कुठे लिहिणार?

बांधकामातला माणूस:
वादळाच्या पट्ट्यात चर्चची इमारत फक्त उपासनेसाठी नसते. पूर आला, वारा सुटला की लोक तिथेच आसऱ्याला येतात. तिथे सळई नीट बांधली नाही, पत्र्याचे हुक कमी पडले, तर प्रश्न जिवाचा असतो. हौशी हातांनी रंग द्यावा, खडी वाहावी. भिंत आणि छप्पर कसलेल्या माणसाकडेच हवं. आणि त्याला त्याची मजुरी मिळायला हवी. आपण फुकट बांधायला उतरलो की त्याचीच रोजी बुडते, याचा विचार कुणी करत नाही.

बायबलचा विद्यार्थी:
खजिनदारांच्या बाजूने मी बायबलमधल्या प्रेषित पौलाचा दाखला देणार होतो. मासेदोनिया आणि अखया या ग्रीस भागातल्या प्रांतांतल्या मंडळ्यांनी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, माणसांचे तांडे पाठवले नाहीत. पण पुन्हा वाचल्यावर अडखळलो. पौल ती वर्गणी घेऊन स्वतः गेला आणि मंडळ्यांनी निवडून दिलेले मोजके लोक त्याच्यासोबत होते. त्यांनी पैसे पाठवले, आणि माणसंही पाठवली.

खजिनदार:
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग माझा प्रस्ताव बदलतो. तिघांनी जावं, आमच्या मंडळीचे प्रतिनिधी म्हणून. उरलेल्या 11 तिकिटांचे पैसे गवंड्यांच्या मजुरीला द्यावेत. उद्या तिथल्या पाळकांना, म्हणजे त्या मंडळीच्या धर्मगुरूंना, पत्र लिहितो. त्यात पहिला प्रश्न विचारणार आहे की तुम्हाला आधी चर्च हवं आहे की आणखी काही. इतक्या महिन्यांत आमच्यापैकी एकानेही हे विचारलेलं नाही.

एक आई:
पत्र जरूर लिहा. पण त्या अकरांत माझी मुलगी असेल तर? वर्षभर दर शनिवारी ती लोकांच्या गाड्या धुऊन पैसे जमवतेय. तिला हे तुम्ही स्वतः येऊन सांगा, दादा, आणि पाळकांचं उत्तर आल्यावरच सांगा.